रानात पाणी न पिणाऱ्या बाया

तालुक्याच्या गावी, मूलला, एका दवाखान्यात भिंतीवर चित्र लावलंय. हसरी बाई, हातात पाण्याचा गिलास, आणि खाली लिहिलेलं की निरोगी राहायचं तर दिवसभर भरपूर पाणी प्या. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. त्या हसरीच्या घरी आतून कडी लागणारं संडासाचं दार असणार. तिला काय जातंय सांगायला?

त्याच चित्राखाली डॉक्टरांनी माझ्या मोठ्या जावेला बजावलं होतं. उन्हाळी लागून, लघवीला जळजळ होऊन होऊन तिची एक किडनी जवळजवळ बसली होती. दुसरी वाचवायची तर पाणी हवं, आणि उन्हात राबायचं तर हवंच हवं. जाऊ मान हलवत राहिली. तिनं अशी मान हलवली की समजायचं, विषय संपला.

मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते, पण तेंदूपत्त्याच्या हंगामात सासरच्या गावी येते. पहाटे बाया मिळून रानात शिरतात आणि ऊन चढेपर्यंत पानं तोडतात. रान वाघाचं. खाली बसलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून एखादीला लघवीला बसायचं झालं की बाकीच्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहतात. तिच्याकडे पाठ, रानाकडे तोंड, आणि मोठमोठ्यानं बोलणं चालू. तेवढा वेळ सगळ्यांचे हात थांबतात. मग बाया काय करतात, तर पाणीच पीत नाहीत. बाटल्या भरून नेतात आणि भरलेल्याच परत आणतात.

आमची शेजारीण मात्र प्यायची, आणि दुसरीलाही बळेच पाजायची. मागच्या हंगामात एकदा, आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती एकटीच झुडपामागे गेली. ओरडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. नंतर तिची बाटली सापडली, झाकण लावून नीट उभी ठेवलेली. माझ्या जावेची ती जिवाभावाची मैत्रीण होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या.

यंदा जाऊ रानात घोटभरही पाणी घेईना. एका दुपारी अंगणात पानांचे पुडके बांधताना मी विचारलंच, "बाई, पाणी काऊन नाई पीत?"

"ते माझी मैतरीण रोज येते न," ती सहज म्हणाली. "घोटभर पी म्हणते. मेलेल्या माणसाच्या हातचं घेतलं तर त्याच्यासंगं जा लागते."

"मग आमच्या हातचं घ्या."

"रानात तिचा हात कोणता अन् तुमचा कोणता, मले समजत नाई."

एवढं बोलून तिनं दोरीला गाठ मारली आणि पुढचा पुडका ओढला. पोटात पाणी नसलं की डोक्याला असं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ती काही पटली नाही.

दोन दिवसांनी रानात सकाळपासूनच झळा लागत होत्या. पाखरं गप्प झाली होती. मी मान वर केली तर जाऊ एका पळसाकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होती. "नाई, मले नको," म्हणाली आणि हसली. मग जणू कोणी पुढं चालतंय अशी ती त्याच्या मागं निघाली. आम्ही हाका मारल्या. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मी धावत जाऊन तिचा दंड धरला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. तिला ऊन बाधलं होतं, लू लागली होती. सावलीत आणून बसवलं, दुपट्टा भिजवून डोक्यावर टाकला आणि बाटली तोंडाशी नेली. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"तू मेली आहेस न?"

इतक्या शांतपणे विचारलं तिनं, की मी माझ्याच हाताकडे पाहिलं. दुसरीनं बाटली पुढं केली, तिसरीनं केली. जावेचे दात घट्ट मिटलेले. मोटारसायकल येईल अशी वाट गावाच्या बाजूला, लांब होती. तिथपर्यंत ती टिकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

मला भीती वाटली की रागच येतो. त्या दिवशीही आला.

"मरायचंच असंल तर खुशाल मरा," मी म्हणाले. "पण माझ्या लग्नातला पितळी गुंड दाबून बसल्या, तो आधी काढा. पाण्याचं भांडं माझं, भरता तुमच्या घरी. वरून गावभर सांगता का धाकटीले काई समजत नाई म्हणून."

जावेच्या कपाळावर आठी पडली.

"तो गुंड सासूनं मले देल्ला होता," ती म्हणाली.

"सासूनं देल्ला? सासूच्या बापाचा होता का?"

"तोंड सांभाळ, सांगून ठेवतो." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "ते अशी भांडत नाई," ती पुटपुटली. "ते कधीच भांडली नाई माझ्याशी."

तिनं तोंड उघडलं. मी थोडं थोडं पाणी पाजत गेले. बऱ्याच वेळानं तिच्या कपाळावर घाम आला, आणि मी सगळ्यांदेखत रडले.

मोटारसायकल आणायला गावाकडच्या वाटेवर एकटीला कसं धाडायचं, म्हणून दोघी निघाल्या. तेवढ्यात जाऊ खालमानेनं म्हणाली, "मले जा लागते." एरवी आम्ही कुरकुरलो असतो. त्या दिवशी जिवात जीव आला, पाणी अंगी लागलं होतं. दोघी थांबल्या आणि आम्ही तिच्याभोवती गोल केला, पाठ तिच्याकडे, तोंड रानाकडे. माझ्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी राहिली. मी ती भरायला सरकणार तेवढ्यात मागून जावेचा आवाज आला, अगदी शुद्धीतला.

"सरकू नको. ते उभी आहे तिथी."

मी होते तिथेच राहिले. मग त्या जागेकडे न बघता आम्ही सगळ्या मोठमोठ्यानं बोलायला लागलो.