वळणावरचा गोटा

नागपूरहून निघताना माझ्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, गोळ्यांची डबी होती आणि चालायचे बूट होते. बूट घेऊन वर्ष झालं, तरी तळवे कोरे. आमच्या वसाहतीच्या बागेत सकाळी फेऱ्या मारताना, करंजाच्या झाडाजवळच्या वळणावर, उजवा पाय जरा घासत चालणारे माझे यजमान छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून मी त्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्याने चालून पाहिलं. पण आमच्याकडचा कुठलाही रस्ता फिरून त्या बागेच्या कुंपणाशीच येतो, आणि तिथे माझे पाय जड होतात. वजन वाढलं, दाब वाढला. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ‘‘गोळी तुमच्याऐवजी चालणार नाही. असंच बसून राहिलात तर हृदय फार दिवस साथ देणार नाही.’’

हे नणंदेच्या कानावर गेलं. वच्छलाबाई माझ्या यजमानांची थोरली बहीण. माहेर सावली गावचं, पण नवरा शाळामास्तर म्हणून एटापल्लीकडच्या एका गावात आला आणि त्याच्यामागे त्या तिथेच राहिल्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘‘इकडं ये, शालू. मी चालवीन तुले.’’

आलापल्ली सुटली आणि बसमधल्या गप्पा हळूहळू बंद पडल्या. दोन्ही बाजूंना साग, मधे रस्त्याची एक चिंचोळी पट्टी. दुपार होती, पण चालकाने दिवे लावले होते. एका ओढ्याच्या पुलाआधी त्याने बस थांबवली. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. वाहकाने दार उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि लावून घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, ‘‘इथी थांबाच लागते, बाई.’’ पुढे तो खिडकीबाहेर बघत बसला.

वच्छलाबाई फाट्यावर उभ्या होत्या. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, अंगावर मांस नाही, पण पाठ ताठ. माझी पिशवी त्यांनीच उचलली, आणि मला लाज वाटली ती वाटलीच. घरी लाखोळीची भाजी, भात आणि जवसाची चटणी होती. भाजी अगदी अळणी. मी मिठासाठी इकडेतिकडे पाहू लागले तशा त्या म्हणाल्या, ‘‘मीठ वरून घ्याचं नाई. सोमाभाऊ रागावते.’’

‘‘सोमाभाऊ कोण?’’

‘‘शेजारी होता. उद्या भेटवतो.’’

त्या ‘होता’कडे माझं लक्ष गेलं, पण प्रवासाने अंग आंबलं होतं. लवकर जेवून लवकर झोपायची तिथली रीत मला त्या दिवशी फारच आवडली.

सकाळी मी बूट घालून तयार. पण उन्हं झाडांच्या शेंड्यावर आल्याशिवाय निघायचं नाही, असा गावाचा नियम. वाघ फिरतात. निघाल्यावर दुसरा नियम कळला: बोलत चालायचं. ‘‘बोलत राह्यलं का जनावर बाजूले होते,’’ बाई म्हणाल्या. आमचे डॉक्टरही तेच सांगतात, बोलता येईल इतपतच वेगाने चाला, धाप लागली की वेग कमी करा. पण बोलायला काही सुचेना. धुकं होतं. पायवाटेच्या दोन्ही अंगांचं गवत दवाने पांढरं पडलेलं, आणि आमच्याआधी त्यातून कोणी गेल्याची खूण नव्हती.

एका मोहाच्या झाडाखाली दगडांची कंबरभर उंच रास होती. बाईंनी वाटेतूनच उचललेला गोटा (दगड) त्यावर ठेवला. म्हणाल्या, ‘‘सोमाभाऊ, गोळी घेतली. लोणचं खाल्लं नाई. खर्रा सोडला तो सोडलाच. ही शालू, आमच्या सदाची बायको.’’ मग कान देऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली आणि हसल्या. ‘‘हो, सांगतो तिले.’’

बाईंच्या पथ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सोमाभाऊला मोहफुलं वेचताना वाघाने तिथेच उचललं होतं. जिथे माणूस असा जातो तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याने गोटा टाकायचा, ही या जंगलातली रीत. मला अवघडल्यासारखं झालं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा हिशेब दगडांना द्यायचा म्हणजे काय! मी नुसते हात जोडले आणि पुढे झाले.

पुढे चढ लागला. बाई माझ्या पुढे होत्या. आणि मला मागे पावलं ऐकू येऊ लागली. माझ्या बुटांचा आवाज वेगळा, बाईंच्या चपलांचा वेगळा, आणि हा तिसरा. मी थांबले की तोही थांबायचा, पण दरवेळी थोडा उशिराने. माझ्या काळजाचंच धडधडणं असेल, असं मी स्वतःला समजावलं. काळीज धडधडत होतंच. पण काळजाला वाळला पाला तुडवता येत नाही. मी भ्याले, साफ भ्याले.

‘‘बाई, मागे कोणी आहे.’’

‘‘मागं पाहू नको,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘तू गोटा ठेवला?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग काऊन नाई येणार मागं? माणसाले वाटेत टाकून जाता येत नाई, शालू. गोटा ठेव, सांगाचं ते सांग, मंग आपली वाट चाल.’’

आम्ही परतलो. उतारावरून येताना वाटेत कोणी भेटलं नाही. मी एक गोटा शोधून राशीवर ठेवला, पण बोलायला तोंड उघडेना. बाईच म्हणाल्या, ‘‘नवीन हाय ती. शिकन.’’ त्यानंतर चढावर दोघींच्याच पावलांचा आवाज होता, आणि माझी धाप कधी उतरली ते मला कळलं नाही.

ओढ्याकाठी बसून पाणी पिताना बाईंनी विचारलं, ‘‘सदाचा गोटा कुठी ठेवला?’’

तेरावा केला, फोटोला हार घातला, पण त्या वळणावर परत गेलेच नव्हते. तिथेच बसून मी पोटभर रडले. बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘‘तो तिथंच बसला असन, तुयी वाट पाह्यत.’’

होते तितके दिवस मी रोज चालले. अळणी भाजीची सवय झाली, आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळपासून सोमाभाऊला मीही दोन शब्द सांगू लागले. दाब मोजायचं यंत्र काढलं की आकडा जरा बरा दिसायचा. निघताना बाईंनी पदराखालून एक काळसर गोटा काढून माझ्या हातात दिला. सावलीच्या त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा), माहेरची खूण म्हणून जपलेला. ‘‘याच्यावर बसून सदा न्याहारी करे,’’ म्हणाल्या. गोटा तळहाताएवढा. लहानपणी त्यांचा भाऊ केवढासा असेल, या विचाराने मला बसमध्ये हसू आलं. पुलाआधी बस पुन्हा थांबली, दार उघडलं, कडेला गोट्यांची रास दिसली, दार लागलं. या वेळी मी काही विचारलं नाही.

नागपुरात आल्यावर दुसऱ्या दिवशी, ऊन झाडांवर आल्यावर, मी बागेच्या फाटकातून आत गेले. करंजाजवळ पाय जड झाले. मी गोटा झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, ‘‘गोळी घेतली. लोणचं बंद केलंय. उद्याही येईन.’’ मग वळण ओलांडलं आणि फेरी पूर्ण केली. फाटकाशी पोचले तेव्हा छातीत दुखत नव्हतं, नुसतं हलकं वाटत होतं.

त्याच्या पुढच्या सकाळी रखवालदाराने माझ्यासमोरच कुलूप काढलं. आत हिरवळीवर दव होतं, पाऊल कुणाचं नव्हतं. करंजाच्या बुंध्याशी माझ्या गोट्याशेजारी दुसरा गोटा होता, तसाच काळसर, ओला.

मी वाकून दोन्ही गोटे नीट लावले. फेरीला लागले तेव्हा मागे पावलं होती, उजवा पाय जरा घासत टाकणारी, मला चांगली ओळखीची. मागे वळून पाहिलं नाही. ‘‘सावकाश या,’’ म्हटलं, ‘‘बोलता येईल इतकंच चालायचं आहे.’’