एका दिव्यासाठी शहर पार

गाव महापालिकेत गेलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढे कालव्याच्या वळणावरचा दिवा गेला तो गेलाच. माझी बायको मृणाल आयटी पार्कातून स्कूटीवर परतताना त्याच अंधारात पडली, मनगट मोडलं. महापालिकेत तक्रार करायला मी सुट्टी टाकली. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "मी बी येते. तुम्ही अकोल्याची माणसं, लई गोड बोलता. तेवढ्यानं काम नाय व्हायचं."

सुमनताई म्हणजे आमच्या गावच्या शेवटच्या सरपंच.

आमचं गाव मांजरीच्या पुढे. इकडून शहरात जायचं तर बसचा दिवसाचा पास काढा, स्वस्त पडतो. हडपसरला गाडी बदला आणि उजवीकडची खिडकी सोडा, ऊन लागतं. महापालिकेच्या पहिल्या कार्यालयात कळलं, दिव्यांचं काम मुख्य इमारतीत. वाटेत मंडईजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत, पण रस्सा मागून मिळतो.

"सरपंच असताना लोक दारात यायचे," ताई सांगत होत्या. "पाणी नाय आलं की ग्रामसभेत माझा उद्धार. रडू यायचं. पण दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त व्हायची. आता बोलायचं कुणाला? नगरसेवक बी नाय."

निवडणूक तेव्हा व्हायची होती.

मुख्य इमारतीत रांगेत आमच्या पुढे पेठेतले एक निवृत्त गृहस्थ उभे होते. आम्ही कुठले ते ऐकून म्हणाले, "शहरात आलात? अभिनंदन. आता रांग धरा."

दिव्यांचं काम बघणारा अभियंता तरुण होता, डोळे तांबारलेले. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. तो म्हणाला, "सर, नवीन गावं सगळी माझ्याकडे आहेत. तुमचं वळण मी पाहिलेलंच नाही, खोटं कशाला बोलू?"

ताई खुर्ची ओढून बसल्या. "जेवलास का? मग शनिवारी माझ्याकडं ये जेवायला. वळण दावते."

तो खरंच आला, व्हॅन आणि वायरमन घेऊन. दिवा लागला. वस्तीतली माणसं जमली. गटार, कचरा, पाणी, ज्याचं त्याचं गाऱ्हाणं सुरू झालं. तो देवळाच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. "हे माझ्या खात्यात नाही," असं अनेकदा म्हणाला, पण उठला नाही. मृणाल प्लास्टरचा हात सावरत पुढे झाली आणि म्हणाली, "मग कुणाच्या खात्यात आहे, ते तरी सांगून जा." त्याने तिथूनच एकेकाला फोन लावले.

कचऱ्याची गाडी आता येते. गटाराचं काम तसंच आहे. शहराबद्दलचा माझा राग मात्र बराच उतरलाय. इतक्या मोठ्या कारभारात आमच्यासमोर बसून ऐकणारं एक माणूस सापडलं होतं. त्याची मागच्या महिन्यात बदली झाली. नवीन साहेबांनी अजून आमचं गाव पाहिलेलं नाही.

सोमवारी आम्ही त्यांना भेटायला निघतोय. या वेळी वस्तीतल्या बायकांनी अख्खी बस भरायची ठरवलीय.