तांडेलचं औषध मला लागू पडायचं

आधीच सांगून टाकतो... मी डॉक्टर आहे, आणि त्यातही फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, घासून निघालेला. आई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली की मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचो. या ग्रुपवरचे अनुभव मी चवीने वाचतो, पण वाचताना मनात निदान चालूच असतं — याला ताप असणार, या बाईंचा डोळा लागला असणार. तेव्हा माझ्या अनुभवाचं निदान आता तुम्ही करा. मला एवढ्या वर्षांत जमलेलं नाही.

मी गिरगावातला, फणसवाडीतला. आमचं घराणं मुंबईतलं जुनं. आजोबांची वाडीत घरं होती, वडिलांच्या वाट्याला कारकुनी आली, आणि माझ्या वाट्याला आजोबांचा नुसता ताठा. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. नुकताच एम.बी.बी.एस. होऊन मी परळच्या एका हॉस्पिटलात फार्माकॉलॉजी विभागात उमेदवारी करत होतो. माझ्याबरोबर दुसरा उमेदवार होता हरेश्वर तांडेल. वरळीच्या कोळीवाड्यातला. वडिलांची होडी, आई बाजारात मासे विकायची, आणि हा त्यांच्या घरातला पहिला डॉक्टर. विभागात डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे पोरांना शिकवायची, जागा एकच निघणार होती. ती दोघांनाही हवी होती.

तांडेल वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण तो चांगला होता, हीच तर पंचाईत.

आमचे सर वॉर्डात राउंड घ्यायचे ते एका खास पद्धतीने. पेशंटचा केसपेपर उघडून विचारायचे, "यातलं कुठलं औषध उद्या बंद केलं तर याचं काहीही बिघडणार नाही?" पोरं गांगरायची. औषध लिहायला सगळे शिकले होते, काढायला कोणीच नाही. मी रात्रभर पुस्तकं वाचून यायचो, उत्तर बरोबर द्यायचो. सर "हं" म्हणायचे. तेच उत्तर तांडेल द्यायचा आणि सर म्हणायचे, "शाब्बास!" का? तर तो उत्तर देऊन थांबत नसे. लालबागचा एखादा गिरणी कामगार हट्ट धरून बसायचा, सुई टोचा नाहीतर लाल मिक्श्चर द्या, म्हणून. तांडेल त्याच्या खाटेवर टेकायचा आणि म्हणायचा, "मामा, सुई मारली तर माझा हात मोकळा होईल, तुमचा खोकला नाही." मामा हसायचे आणि ऐकायचे. मी हेच शुद्ध मराठीत समजावलं तर तोच पेशंट मान डोलवायचा आणि बाहेर पडल्या पडल्या नाक्यावरच्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्यायचा.

मी जळायचो. दुसरा शब्द नाही त्याला. कँटीनमध्ये त्याच्या चहात साय जास्त आली तरी मला दिसायची.

पहिला प्रकार घडला तो प्रॅक्टिकलच्या तासाला. सरांनी एक प्रयोग लावला होता. निम्म्या बाटल्यांत बेलाडोनाचं औषध, निम्म्यांत त्याच चवीचं, त्याच रंगाचं कडू सरबत. कुणाला काय मिळालं ते फक्त सरांना ठाऊक. जोड्या करायच्या, प्यायचं, आणि एकमेकांची नाडी, जीभ, डोळ्यांच्या बाहुल्या बघून ओळखायचं. माझी जोडी अर्थातच तांडेलशी.

थोड्या वेळाने माझ्या तोंडाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली, छाती धडधडायला लागली. समोरचं पुस्तक धूसर दिसायला लागलं. तांडेलने टॉर्च मारला आणि म्हणाला, "मध्या, बाहुल्या बघ तुझ्या, रात्रीच्या मांजरासारख्या मोठ्या झाल्यात. बेलाडोना तुला आलंय रे." तो स्वतः मजेत शेंगदाणे खात होता.

सरांनी यादी वाचली. बेलाडोना तांडेलला. सरबत मला.

"बाटल्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," सर कडाडले. "एवढी साधी शिस्त पाळता येत नाही?"

आम्ही केली नव्हती. बाटल्यांवर नावं होती, आणि आपापली बाटली आम्ही सरांच्या हातून घेतली होती. मी तोंड उघडायच्या आत तांडेल म्हणाला, "सर, चूक माझी. मीच गडबड केली असेल." आणि सर काय म्हणाले असतील? "चूक कबूल करणं हे फार थोड्यांना जमतं." घ्या! औषध माझ्या अंगात, मनस्ताप माझ्या डोक्यात, आणि कौतुक पुन्हा त्याचं.

मग पावसाळ्यात तांडेलला सर्दी झाली. त्याने सर्दीची गोळी घेतली आणि मी सरांच्या लेक्चरमध्ये पहिल्या बाकावर घोरलो. तांडेल बिचारा शिंकतच होता. त्या दिवशी मला जरा शंका आली. पण असल्या शंका फणसवाडीतल्या बायकांनी घ्याव्यात, मी नाही, असं म्हणून मी ती झटकली.

आणि मग तो दिवस.

लालबागेत मोर्चा होता. वडिलांनी मला सकाळीच बजावलं होतं, "सरकारी नोकरी आहे माझी, तू तिकडे फिरकायचं नाहीस." तांडेल मोर्चात नव्हता, प्रथमोपचाराची पेटी घेऊन कडेला उभा होता. लाठीमार झाला, पळापळ झाली, एक म्हातारा पडला. त्याला उचलायला तांडेल वाकला आणि गर्दी त्याच्या अंगावरून गेली. दुपारी त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं तेव्हा त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. रंग पांढराफटक, अंग गार. वॉर्डातले पेशंट उठून बसले, कुणीतरी "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणालं, नर्सेसच्या डोळ्यांत पाणी. तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही... त्या मोडलेल्या पायाचाही मला हेवा वाटला.

पायाला स्प्लिंट बांधला, सलाइन लावलं, पांघरुणं घातली. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने कातडीखाली मॉर्फिन दिलं. तांडेल ओरडत राहिला. वाट बघून दुसरं दिलं. तरी तेच. त्याची आई पाटीसकट बाजारातून धावत आली होती, खाटेचा दांडा धरून उभी होती. मला म्हणाली, "तुमी त्याचं दोस्त ना? मंग कायतरी द्या ना त्याला. माजं पोर केवड्यानं वरडतंय..."

मी शेजारी स्टुलावर बसलो होतो, आणि मला झोप येत होती. साधी झोप नाही. ऊबदार, गोड, सगळं ठीक आहे असं वाटायला लावणारी. नाक खाजत होतं. सिस्टर खेकसली, "डॉक्टर, डुलक्या काय घेताय? मित्र तळमळतोय तुमचा!" मी धडपडत बेसिनपाशी गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं.

माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मॉर्फिनने बाहुल्या अशा होतात, हे मी पाठ केलेलं होतं.

तेव्हा मला पक्कं कळलं. त्याला दिलेलं मला लागत होतं. मी वॉर्डाबाहेर गेलो, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. काही फरक नाही. पाय कापसाचे, आणि आतून तांडेलचा आवाज. परत आलो तेव्हा त्याला तिसरं इंजेक्शन देऊन झालं होतं, आणि कॉरिडॉरमधून सर येत होते.

"बरं झालं भेटलास," सर म्हणाले. "ही वेळ नाही, पण सांगतो. तांडेलला उभं राहायला कित्येक महिने लागतील, विभाग तेवढा थांबू शकत नाही. त्या जागेसाठी तुझं नाव पाठवलंय."

काय सांगू तुम्हाला! कुणीतरी छातीवरचा पाटा-वरवंटा उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. डोकं लख्ख झालं. झोप गेली, नाकाची खाज गेली. तांडेलबद्दल मनात काही म्हणता काही उरलं नाही. बिचारा, असं वाटलं. इतकं स्वच्छ मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि वॉर्डातला आरडाओरडा थांबला.

"झोपला रं माजा बाबा," त्याची आई म्हणाली आणि पहिल्यांदाच खाली बसली.

सिस्टर हसली. मी हसलो नाही. सरांनी आमच्या डोक्यात एक गोष्ट खिळा ठोकावा तशी ठोकली होती — औषध दिलं की डॉक्टरचं काम संपत नाही, सुरू होतं. उभं राहा आणि बघा. मी तांडेलच्या छातीकडे बघत उभा राहिलो. एक श्वास आला. मग इतका वेळ काहीच नाही की माझाच श्वास अडकला. मग एक, उथळ. ओठ निळे पडत होते. पापणी उचलली, बाहुली टाचणीएवढी. तिन्ही इंजेक्शनं एकदम त्याच्यावर कोसळली होती.

"सर!"

सरांनी कोट फेकला आणि त्याचे हात वर-खाली करत, छाती दाबत कृत्रिम श्वास द्यायला सुरुवात केली. मॉर्फिनवर उतारा म्हणून एक नवं इंजेक्शन निघालं होतं, ते आमच्या वॉर्डात नव्हतं. सिस्टरने दुसऱ्या इमारतीत माणूस पिटाळला. त्याची आई माझ्याकडे बघत होती.

माझं जळणं थांबलं तशी औषधं त्याच्याकडे परत गेली होती, तेव्हा मला कळत होतं काय करायचं ते. परत जळायचं. त्याचं औषध ओढून घ्यायचं. मी डोळे मिटले आणि सगळं आठवलं... "शाब्बास" आठवलं, मामांचं हसणं आठवलं, चहातली सायसुद्धा आठवली. पण जेवून तृप्त झालेल्या माणसाला भूक आण म्हटलं तर कुठून आणणार तो? जागा माझी झाली होती. जळायला काही शिल्लकच नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "ती जागा तांडेलला द्या."

"काय?" सर घामाघूम झाले होते. "ही वेळ आहे का?"

"आत्ता शब्द द्या सर. माझं नाव काढा. तो बरा होईपर्यंत जागा ठेवा, आणि त्यालाच द्या."

"वेडा झालास का तू?"

"सर, पाया पडतो. हो म्हणा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "दिली," ते म्हणाले. "दिली त्याला. आता तो हात धर."

एक क्षण काही झालं नाही. मग मला ती खोली दिसली, विभागातली, खिडकीशी टेबल असलेली, आणि त्या टेबलापाशी तांडेल. समोर पोरं. पोरं हसताहेत, लिहून घेताहेत. ती जागा माझी होती हो! हातात आली होती, आणि मी ती या माणसाला देऊन टाकली. असा जळलो, असा जळलो की पोटात आग पडली. आजवरचं जळणं म्हणजे पोरखेळ होता.

पापण्या जड झाल्या. नाक खाजलं. खाटेच्या दांड्याला धरून मी खाली बसत गेलो, आणि शेवटचं ऐकलं ते तांडेलचं खणखणीत बोंबलणं. "आई गं!" इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

माणूस उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन आला तेव्हा तांडेल सरांना शिव्या देत होता. सरांनी ते इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच ठेवलं. मी धक्क्याने बेशुद्ध पडलो असं सगळ्यांनी धरलं. फक्त सरांनी माझ्या पापण्या वर करून टॉर्च मारला आणि बाहुल्या बघितल्या. पुढे त्यांनी मला एकदाच विचारलं, "जागेचं बोललास ते शुद्धीवर होतास ना?" मी हो म्हणालो.

आता स्पष्टीकरण. तांडेलपुरतं आहे, चांगलं आहे. माणूस शॉकमध्ये गार पडला की कातडीखाली दिलेलं औषध रक्तात जातच नाही, तिथेच थांबतं. लागू पडत नाही म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा देतो, आणि अंगात ऊब आली की सगळं एकदम चढतं. सर हे शिकवायचे, आणि सरांनंतर तांडेलने ते तीस-एक वर्षं पोरांना शिकवलं, स्वतःचंच उदाहरण देऊन. अख्ख्या पिढ्या त्या एका लेक्चरच्या आठवणी काढतात. मी फणसवाडीत दवाखाना चालवला आणि त्या लेक्चरवरही जळलो. पण माझ्या बाहुल्यांचं काय?

तांडेल निवृत्त झाला तेव्हा दादरला त्याचा सत्कार झाला. स्टेजवरून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही जागा मधूने मला दिली. मैत्री म्हणतात ती अशी." टाळ्या. मी पहिल्या रांगेत बसून जळत होतो. नंतर काठी टेकत तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मध्या, आता तरी सांग, का सोडलीस रे?"

"तुझ्यावर जळता यावं म्हणून."

तो पोट धरून हसला. "आणि अजून जळतोस?"

"जळतो."

"जळ बाबा," तो म्हणाला. "मला मानवतं ते."

त्याला काय आणि किती ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षी तो गेला. कोळीवाड्यात त्याच्या घरी गेलो तर अंगण माणसांनी भरलेलं, देशोदेशीचे विद्यार्थी आलेले, आणि फोटोला हा एवढा मोठा हार. मी त्या हाराकडे बराच वेळ बघत बसलो. काहीच झालं नाही, पोटात साधी ठिणगीसुद्धा पडली नाही. तेव्हा मला रडू आलं.