इटलीच्या समुद्रावरची ती सकाळ

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा कुठे गेलो, ते एकदम इटलीला. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, म्हणून मी हे फारसं कुणाला सांगत नाही. लग्न झाल्यावर जोतिबाला गेलो होतो, नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, पण बरोबर सासूबाई, नणंदा आणि जेवणाचे डबे असायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराला दोनच खोल्या होत्या. नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे पाणी आलं का, दळण आणलं का, एवढंच.

माझे यजमान इचलकरंजीत एका कापड कारखान्यात मागांचे फिटर होते. २००४ साली त्यांच्या मालकांनी इटलीहून नवे माग मागवले. ते जोडायचे कसे आणि बिघडले तर उघडायचे कसे, हे शिकायला यांना तीन आठवडे तिकडे पाठवायचं ठरलं. मालक मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, "शेवटी पाच दिवस सुट्टी घे आणि वहिनींना बोलावून घे. पुन्हा कवा जाणार हाईस?"

मी नको म्हणत होते. माझी शाळेतली नोकरी होती, मुलगी नऊ वर्षांची होती. खरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती. मी मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते. पण सासूबाईंनीच विषय मिटवला. "भ्यायला काय झालं? जा की. पोरीकडं मी बघतो," असं म्हणून त्या भाजी निवडत बसल्या.

विमानात मी एकटी होते. पट्टा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही, नऊ तास जागची उठले नाही. बाहेर हे उभे दिसले. यांनी लोकांसमोर माझा हात धरला. कोल्हापुरात असं कधी झालं नव्हतं. मी हात सोडवून घेतला, मग थोड्या वेळाने परत दिला.

आम्ही उतरलो ते गाव समुद्राच्या अगदी काठावर, डोंगराच्या पोटात होतं. रंगीत उंच घरं, मधून जिने, आणि घरांच्या पायाशी रेल्वे. ती एका बोगद्यातून निघायची आणि दुसऱ्यात शिरायची. आमची खोली एका विधवा बाईच्या घरात होती. पहिले दोन दिवस आम्ही नुसते हिंडलो. मी पंजाबी ड्रेस घातला होता, तोही पहिल्यांदाच. हे म्हणाले, "चांगली दिसतीस की." बारा वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, धास्तीही वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोन खडकांमधल्या एका लहानशा किनाऱ्यावर गेलो. वाळू नव्हती, गोटेच होते. तिथे एक म्हातारं जोडपं खुर्च्या टाकून बसलं होतं, बाकी कुणी नाही. पाणी निळं होतं, वरून शांत दिसत होतं.

"जरा पोहून येतो," हे म्हणाले.

"नको. अनोळखी पाणी आहे."

"अगं, पुरात पुलावरनं उड्या मारल्यात मी. त्या पाण्यातल्या खडकापतूर जातो आणि येतो."

यांचं सगळं लहानपण पंचगंगेच्या घाटावर गेलेलं. पोहण्यावरून यांना कुणी अडवलेलं खपत नसे. शर्ट, घड्याळ आणि चष्मा माझ्या मांडीवर ठेवून हे पाण्यात शिरले. चष्म्याचा नंबर मोठा होता. तो काढला की यांना चार पावलांवरचं माणूस ओळखू येत नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा हे बरेच आत गेले होते.

यांचं डोकं काळ्या ठिपक्यासारखं दिसत होतं. खडकापाशी पोचले असं वाटलं. मग ठिपका खडकाच्या पुढे गेला. मला वाटलं, वळसा घालतायत. पण ठिपका वळेना, तो बाजूला सरकायला लागला. हात मारताना दिसत होते, पण अंतर वाढतच होतं. मी उठून ओढणी हलवली, हाका मारल्या. यांना मी दिसणारच नव्हते. मग एक लाट आली, आणि ती गेल्यावर मला डोकं दिसलं नाही.

मी त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे धावले. मी शाळेत शिकवते, मुलांना थोडंफार इंग्रजीही शिकवते, पण त्या वेळी एक शब्द आठवला नाही. मी मराठीतच बोलत होते. "माझा माणूस, माझा माणूस," एवढंच. म्हाताऱ्या बाईला कळेना. मग मी चष्मा तिच्यासमोर धरला आणि समुद्राकडे बोट केलं. तिचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याला काहीतरी सांगितलं, आणि सत्तरीचा तो माणूस जिन्यावरून धावत वर गेला. थोड्या वेळाने काठावरच्या खडकाच्या पलीकडून एक मोटरबोट निघाली. त्यात दोन माणसं उभी होती.

त्यानंतर पाऊण तास गेला. यांचं घड्याळ माझ्याच हातात होतं, म्हणून मला तो पक्का माहीत आहे. म्हातारीने मला आपल्या खुर्चीत बसवलं. माझा हात दोन्ही हातांत धरून ती एकसारखी बोलत होती. मला काही कळत नव्हतं, पण ती थांबली की मी तिचा हात घट्ट दाबायचे.

अंबाबाईचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही अर्धवट राहत होतं. आणि मनात जे येत होतं त्याची मला आजही लाज वाटते. सासूबाईंना फोनवर काय सांगायचं? आधी नणंदेला सांगावं का? पासपोर्ट कुठे ठेवलाय? माझं परतीचं तिकीट यांच्या पाकिटात आहे की बॅगेत? विमानतळावर जायची गाडी कुठून मिळते, हे मी विचारूनसुद्धा ठेवलं नव्हतं. माणूस पाण्यात होता आणि मी घरी कशी पोचणार याचा हिशोब करत होते.

बोट परत आली. त्यात दोनच माणसं होती. एकाने परत आलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून हळूच 'नाही' अशी मान हलवली. म्हातारीने मला कवटाळलं.

आणि तेवढ्यात मागच्या जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठं हाईस तू?"

हे होते. अनवाणी, अंगाभोवती कुणीतरी दिलेलं टेबलावरचं चौकड्यांचं कापड गुंडाळलेलं. गुडघे सोललेले, तळपायांतून रक्त येत होतं. भिंतीला हात लावत, डोळे बारीक करून मला शोधत होते. मी जाऊन यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

खोलीवर आल्यावर हे पलंगावर बसले आणि कापायला लागले. दोन पांघरुणं घातली तरी कापरं थांबेना. मग तुटक तुटक सांगितलं. खडकाच्या पुढे पाण्याने ओढून नेलं. परत फिरले, तर काठ कुठल्या बाजूला हेच कळेना. सगळीकडे नुसता उजेड.

"नदीला दोन्हीकडं काठ असतोय. कुठंबी गेलं तरी काठच लागतोय. तिथं काहीच न्हवतं," हे म्हणाले. "मग गाडी गेली. बोगद्यातनं निघतानाचा आवाज आला. म्हटलं, रूळ हाय तिथं जमीन हाय. त्या अंगाला हात मारत सुटलो. गाडी गेली की गप पडून राहायचो, दुसरी आली की परत हात मारायचो. किती गाड्या गेल्या म्हाईत न्हाय."

शेजारच्या गावाच्या खडकांना जाऊन लागले होते. वर एक खाणावळ होती, तिथल्या बाईने ते कापड दिलं आणि तिथल्याच एकाने स्कूटरवरून आमच्या जिन्यापर्यंत आणून सोडलं.

मग मी मनातलं बोलून टाकलं. "तुम्ही बुडालात असं धरून मी घरी कशी जाऊ याचाच विचार करत होते."

यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "बरोबरच हाय की. घरात पोरगी हाय."

उरलेले दोन दिवस आम्ही पाण्याजवळ गेलो नाही. वरच्या गल्ल्यांतून चालायचो, यांच्या पायांना पट्ट्या, त्यामुळे अगदी हळू. हात धरलेला असायचा. हे क्षणभर दुकानात शिरले आणि दिसेनासे झाले तरी मी मागोमाग आत जायचे. हे मात्र रस्त्यात मध्येच थांबून कान द्यायचे. गाडी येऊन गेली की चालू लागायचे.

सासूबाईंना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. गुडघे जिन्यावरून पडल्याने सोलले, एवढंच सांगितलं. त्या गेल्यावर, मुलगी नववीत असताना, एकदा जेवताना यांनीच तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल, नाहीतर रडेल. तिने ताटातला हात तसाच ठेवला.

"त्या वेळी मी काय करत होतो?" तिने विचारलं.

मी हिशोब करून सांगितलं, "आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असतील. तू शाळेत असशील."

"मला कुणी काय सांगितलंच न्हाय," ती म्हणाली, आणि यांच्याकडे पाहत राहिली. मग ती उठली, आतून ताक आणलं आणि आधी यांना वाढलं.