पाण्यातल्या पालीचं जेवण

"पाल जेवली नाई तं पोरगी जेवत नाई," असं साहेबाचा शिपाई सांगत आला. मला वाटलं, हा गडी भांग पिऊन आलाय.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला वैद्य. गळवांवर, सुजेवर जळवा लावणं ही आमची घरची विद्या. त्या जळवा बारा महिने जिवंत ठेवाव्या लागतात, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते काही सोपं नाही. पाण्यातला जीव जगवणारा म्हणून मला बोलावणं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. हा साहेब कापसाचा एजंट, बायकोपोरीसकट येऊन राहिलेला.

पोरगी सहा वर्षांची, लूसी. तापानं वाळून गेलेली. खाटेजवळ काचेची टाकी, आणि तिच्यात विलायतेहून आणलेला बोटभर जीव. दिसायला पालीसारखा, पण पाण्यात राहणारा. साहेब त्याला न्यूट म्हणे. रोज सकाळी न्यूटनं घास घेतला की लूसी पेज घेई. आता त्यानं खाणंच सोडलं होतं.

टाकीच्या तळाशी कणकेच्या गोळ्या आंबल्या होत्या.

"हे कोनं टाकलं?"

"म्याच, वैद्यबुवा," लूसीला सांभाळणारी आया म्हणाली. "मोर्णा नदीतल्या मासोळ्यायले टाकतो ना आपन? पुन्य लागते."

"अवं बाई, साहेबानं सांगतलं ना, त्याले जितं, वळवळतं पाह्यजे! हाललं नाई तं त्याले ते खानं वाटतच नाई."

"मंग गांडूळ मी धरू हातात? शी!"

गांडुळं मीच खणली. घरी बायकोनं बजावलं, आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचं नाही. न्यूट तरी खाईना. पाण्यात बोट घातलं तर कोमट. जळूही अशा पाण्यात मलूल पडते. मी त्याला मातीच्या मडक्यात ठेवलं, भोवती ओलं पोतं गुंडाळलं. दुसऱ्या सकाळी पठ्ठ्यानं गांडूळ गट्ट केलं!

धावत लूसीला सांगितलं. मराठी ती आयाकडून शिकलेली.

"लबाड बोलून राहिले तुमी," ती म्हणाली. "मले कुठी दिसलं?"

खरंच की! काचेत दिसतं, पण पाणी तापतं. मडक्यात पाणी गार, पण दिसत नाही. मग कुंभाराकडून पसरट, उथळ कुंडं आणलं आणि खाटेलगत ठेवलं. साहेबानं तिला उचलून धरलं. न्यूटनं गांडूळ ओढलं, ती हसली आणि तिनं पेज घेतली. मेमसाहेब तोंड फिरवून रडली. मला वाटलं, जिंकलो.

काही दिवस असं चाललं. मग एका सकाळी न्यूटनं घास घेतला, साहेबानं चमचा पुढे केला, पण लूसीनं ओठ मिटले.

"बेटी, तो जेवला," मी म्हणालो. "पाह्यलं ना तू?"

"त्याले भूक हाये," ती म्हणाली. "मले नाई."

साहेबाला तिचं बोलणं कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला ते हिंदुस्थानीत सांगवेना. त्याच संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी बंगल्यात कुणाला कसली शुद्ध नव्हती, म्हणून मीच गांडूळ घेऊन गेलो. मेल्या न्यूटनं लगेच तोंड उघडलं. असा राग आला मला त्याचा! मग तिथंच बसून रडलो.

पाणी गार ठेवणं, अन्न ताजं आणणं, एवढंच आमच्या हातात. तोंड ज्याचं त्यानं उघडायचं असतं.