पिवळं बोट

धुळ्यात डॉक्टरकी करायचो तेव्हा माझ्या मोटारीची बॅटरी सारखी उतरायची. ती उतरली की आई घाबरून बॉनेट उघडायला लावायची आणि तिच्यावर आणखी हळदकुंकू नि पाणी वाहायची. शेवटी एक म्हातारा मुसलमान मिस्त्री आला. बॅटरीवरून फिरवलेलं ओलं, पिवळं बोट मला दाखवत तो हळूच म्हणाला, "करंट इथूनच झिरपतो, साहेब."

मी आईवर ओरडणार, तोच लुंगीला बोट पुसून तो तिच्याकडे वळला. "अक्का, पयतस तर चाकेच. पूजा त्यास्नी करा."

पळतात ती चाकंच, हे आईला पटलं. गाडी पुन्हा अडली नाही, आणि का अडत होती हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. निदान करायला मी कॉलेजात शिकलो. ते कुणाला सांगायचं नि कुणाला नाही, हे त्या मिस्त्रीने शिकवलं.