माझ्या कळा, वहिनीचं बाळ

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात दुपारी माणूस दिसत नाही. बाया सकाळीच डबे घेऊन शेतात जातात, शाळेची पोरं शाळेत, आणि उरलेली म्हातारी माणसं भिंतीच्या कडेला ऊन खात बसलेली. त्या हिवाळ्यात भर दुपारी गावातून चालताना दिसणाऱ्या बाया आम्ही तिघीच होतो, आणि तिघींचीही पोटं नाकाशी आलेली.

आम्ही जायचो अंगणवाडीत. आमच्याकडे गरोदर बाईला दुपारचं जेवण तिथंच मिळतं. भात, पालक घातलेली डाळ, उकडलेलं अंडं आणि स्टीलच्या ग्लासात दूध. मी शिक्षिका. माझी शाळा दुसऱ्या गावात, ऑटोनं जायचं, आणि तो रस्ता असा की डॉक्टरबाईंनी आठव्या महिन्यातच रजा घ्यायला लावली. नवरा तहसील कचेरीत कारकून, सकाळी जिल्ह्याच्या गावी, आदिलाबादला गेला की संध्याकाळी परत. दिवसभर घरात एकटी बसून मी पोटाशी बोलत असे. शेवटी अंगणवाडीच्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमचं जेवण रोज उरून राह्यलं. लाजता कायले? या ना."

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले होते. एकतिसाव्या वर्षी पहिलटकरीण. सरकारी जेवायला जायचं म्हणून नाही, पण गावातल्या विशीतल्या पोरींच्या पंगतीत बसायचं म्हणून जीव संकोचला होता. गेले तर तिथं एकच पोर होती. वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाची बायको, माहेर जगित्यालकडचं, घरी सगळं तेलुगू. तिला आई नव्हती, म्हणून हे पहिलंच बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नव्हती. ती मला पाहून उठून उभी राहिली आणि "अक्का, रा" म्हणून स्वतःची चटई माझ्याकडे सरकवली. रा म्हणजे ये, आणि अक्का म्हणजे मोठी बहीण. मग मीही तिला चेल्ली म्हणू लागले, म्हणजे धाकटी बहीण. तिला मराठी थोडं यायचं, मला तेलुगू थोडं, आणि दोघींचं मिळून एक पूर्ण होत असे.

तिसरी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी वहिनी. कापसाचं शेत, घरात सासू, एक मुलगी आठेक वर्षांची, आणि आता इतक्या वर्षांनी दुसरं. ती सुरुवातीला आमच्यात बसत नसे. डब्यात जेवण घेऊन घरी जायची. माझ्या नवऱ्याचा आजा त्यांच्याच वावरात कामाला होता. सून माझ्या शेजारी बसून जेवली हे सासूला चाललं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.  मग एक दिवस ती दारातून परत वळली, डबा बाजूला ठेवला, चटईवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "घरी जाईपर्यंत भात थंडा होते. वाढा इथंच."

त्या दिवसापासून आमचं जेवण तासभर आधी सुरू होऊ लागलं आणि तासभर उशिरा संपू लागलं.

काय काय बोलत होतो आम्ही. पायाच्या सुजेपासून सुरुवात. तिघी पाय पसरून बसायचो आणि नडगीवर बोट दाबून खळगा कोणाचा किती वेळ राहतो ते पाहायचो. मला रात्री पोटरीत गोळे यायचे. चेल्लीला आंबट पाणी घशाशी यायचं, ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. वहिनीला पोटावर खाज सुटायची, ती खसखसून खाजवायची आणि आम्ही तिचा हात धरायचो. "पहिल्या वेळेस असं नवतं व," ती म्हणायची, "हे पोट म्हणजे नवंच हाय मले." हे ऐकून मला फार बरं वाटायचं. म्हणजे जिला सगळं माहीत असेल असं मी धरून चालले होते, तीही माझ्यासारखीच रोज नवं काहीतरी शोधत होती.

आणि लाथा. दूध प्यायलं की तिघींची पोटं जागी व्हायची. एकदा चेल्लीनं रिकामा ग्लास पोटावर ठेवला आणि आम्ही श्वास धरून पाहत बसलो. ग्लास हलला, कलला आणि टणकन खाली पडला. मग वहिनीनं ठेवला, मग मी. अंगणवाडीतली लहान पोरं झोपायचं सोडून आमच्याभोवती जमली, आणि अंगणवाडीच्या बाई ओरडल्या की इथं लेकरांना झोपवायचं का तुम्हाला. पण त्याही शेवटी चष्मा लावून जवळ बसल्या.

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा चेल्ली आली आणि चटईच्या कडेला बसून राहिली. जेवली नाही. विचारलं तर डोळे भरून म्हणाली, "सकाळपासून बिड्डा हलत नाही, अक्का. बाळ हलत नाही. मला भय वाटते." आम्ही तिला डाव्या कुशीवर झोपवलं. अंगणवाडीच्या बाईंनी लगेच उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलावलं. सिस्टर येईपर्यंत मी तिचा एक हात धरून होते आणि वहिनी दुसरा. सिस्टरनं यंत्र पोटावर ठेवलं, इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. आधी नुसती खरखर. मग आवाज आला. माझं माहेर भैंशाचं, लहानपणी आमच्या घरामागं कापसाची जिनिंग होती. तिचं मशीन दुरून जसं धडधडत ऐकू यायचं, अगदी तसा. चेल्ली हसता हसता रडायला लागली. तरी सिस्टरनं तिला त्याच दिवशी आदिलाबादला पाठवून तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं.

मग आला माझा दिवस. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

अंडं सोलता सोलता माझं पोट दगडासारखं घट्ट झालं. सुटलं. थोड्या वेळानं पुन्हा. वहिनीनं हात लावून पाहिलं.

"घट्ट होऊन राह्यलं खरं. दुखते का?"

"दुखतंय," मी म्हणाले. खरं तर दुखण्यापेक्षा माझी छातीच जास्त धडधडत होती. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज, आत्ता, डाळभाताच्या ताटासमोर सुरू झालं होतं. आई पुढच्या आठवड्यात येणार होती. नवरा कचेरीत. पण मला भीती वाटत नव्हती. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

अंगणवाडीच्या बाईंनी गरोदर बायांना नेणाऱ्या सरकारी गाडीला फोन केला. गाडी शेजारच्या जैनथ गावाजवळच होती, लगेच आली. आता सोबत कोण? गाव तर शेतात. बाईंना लेकरं सोडून येता येईना.

"मी येते," वहिनी म्हणाली. "घरी बसून काय करू? नाईतरी सकाळपासून कंबर धरली, गाडीत तेवढंच बसनं होईन."

"मी पण," चेल्ली म्हणाली. तिची तपासणी उद्या होतीच, ती आजच करू म्हणाली.

अशा आम्ही तिघी गाडीत चढलो. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "इनमें से पेशंट कौन है?" मी हात वर केला, शाळेत पोरं करतात तसा.

रस्त्यावर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक खड्ड्याला वहिनी माझा हात दाबायची आणि सांगायची, "श्वास घ्या, सोडा. घ्या, सोडा." मी घेत होते, सोडत होते. चेल्ली माझ्या पाठीवरून हात फिरवत "येम् कादु, अक्का" म्हणत होती, काही होत नाही, काही होत नाही. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं की कपाटाखाली भरून ठेवलेली पिशवी घरून आणायला कोणाला तरी पाठव आणि तू सरळ दवाखान्यात ये. तो इतका गडबडला की त्यानं विचारलं, "कोणाच्या कपाटाखाली?"

आदिलाबादच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तपासलं, यंत्र लावलं, थोडा वेळ थांबून पुन्हा तपासलं. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अभी टाइम है. ये झूठे दर्द हैं, अम्मा. घर जाके आराम करो."

खोट्या कळा. मी साडी नीट केली आणि बाहेर आले. गाडी बोलावली, दोन पोटुशा बायांना खड्ड्यांतून आणलं, नवऱ्याला कचेरीतून उठवलं, आणि पदरात काही नाही. वहिनीला काय सांगावं याचा विचार करत होते, तर समोर वहिनी भिंतीला दोन्ही हात लावून, मान खाली घालून उभी. 

चेल्ली धावत आली. "अक्का, वहिनी बोलत नाही. विचारलं तर डोकं हलवते."

मी जवळ गेले. "वहिनी, कंबर दुखते का?"

तिनं मान वर केली. कपाळावर घाम होता, त्या थंडीत. "कंबर नोय व हे," ती म्हणाली. "मले वाटलं कंबर हाय." आणि तेवढ्यात तिच्या पायाखाली फरशी ओली झाली.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी शाळेच्या मैदानावर मारते तशी हाक मारली. आया धावल्या, खुर्ची आली. आत जाताना वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "सासूले फोन कर. आन् तू जाऊ नको." ती मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती, आणि तिला ते कळलंही नाही.

सासूचा फोन लागत नव्हता. वहिनीचा नवरा कापूस घेऊन बाजार समितीत होता, त्याला निरोप मिळाला तेव्हा तो वजनकाट्यावर गाडी लावून उभा होता. तो म्हणाला, आईला गावातून घेऊन येतो. माझा नवरा गडबडीत स्वतःच गावात जाऊन पिशवी घेऊन पोचला आणि मला बाकड्यावर आरामात बसलेली पाहून त्याचा चेहरा असा झाला की चेल्लीला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून हसत राहिली आणि मग तिला उचकी लागली.

ऊन उतरायच्या आत मुलगा झाला. आया बाहेर येऊन कपडे मागू लागली. वहिनीची पिशवी तर घरी. मी माझी उघडली. माझ्या आईनं जुन्या साड्यांची दुपटी करून पाठवली होती, आणि एक पिवळं झबलं शिवलं होतं. तेच दिलं. थोड्या वेळानं त्या झबल्यात गुंडाळलेलं ते लाल लाल गाठोडं आयानं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. आतापर्यंत मी बाळाला फक्त आतून ओळखत होते. हे बाहेरचं पहिलंच. त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं, आणि पुन्हा मिटला. चेल्ली त्याच्या पायाला बोट लावून लावून पाहत होती. "हाच पाय आत लाथ मारतो?" ती विचारत होती. "एवढा छोटा?"

तेवढ्यात सासू आली. मुलगा गावात पोचायच्या आधीच ऑटोनं निघालेली, शेतातून तशीच, केसांत कापसाचे तंतू. तिला गावात एवढंच कळलं होतं की टीचरबाईला दवाखान्यात नेलं आणि सून सोबत गेली. मी शाल पांघरून बसले होते, मांडीवर बाळ. ती सरळ माझ्यासमोर आली.

"झाल्या का मोकळ्या? काय झालं?"

"मुलगा," मी म्हणाले.

"बरं झालं. लई वर्षांनी झालं तुमाले." ती वाकली, झबलं बाजूला करून चेहरा पाहिला. "गोरं हाय. नाक तं बरोबर तुमच्यावर गेलं." मग इकडंतिकडं पाहून म्हणाली, "आमची सून कुठी गेली?"

"आत आहे. झोपली आहे," मी म्हणाले. "आजी, हा तुमचा नातू. मला अजून अवकाश आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाळाकडे. मग माझ्या शालीखालच्या पोटाकडे. तिच्यामागोमाग पोचलेला तिचा मुलगा मागं उभा होता, तो आधी हसला. मग चेल्ली, मग माझा नवरा, आणि शेवटी म्हातारी अशी हसायला लागली की तिला माझ्याच बाकड्यावर, माझ्याच शेजारी टेकावं लागलं. नाक माझ्यावर गेलं हे मात्र तिनं परत घेतलं नाही.

माझ्या खऱ्या कळा त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सुरू झाल्या, आणि मी त्यावर विश्वासच ठेवला नाही. पुन्हा फजिती नको म्हणून कपड्यांच्या घड्या घालत बसले. आई आली होती, तिनं माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि मला गाडीत घातलं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला, तर पडद्यावर आधी तिची सासूच. "दाखवा पाहू," म्हणाली.

चेल्ली शेवटी उरली. आम्ही दोघी घरात अडकलेल्या, आणि ती दुपारी एकटीच अंगणवाडीत जेवायची. तिथून आम्हा दोघींना एकत्रच फोन लावायची. "अक्का, खरं सांगा, किती दुखते?" मी काही बोलायच्या आत वहिनी सांगायची, "कंबर दुखली तं घरी नको बसू, एवढंच." चेल्लीचं सिझेरियन झालं, मुलगी झाली, आणि आई नसलेल्या तिला बाळंतपणाला दोन मराठी आया मिळाल्या, एक माझी आई आणि एक वहिनीची सासू. आळीपाळीनं जाऊन त्यांनी पोरीला तेल लावलं, शेक दिला.

आता तिच्या नवऱ्याची बदली इचोड्याला झाली आहे. मागच्या रविवारी आम्ही दोघी लेकरं घेऊन बसनं तिच्याकडे गेलो होतो. तीन लेकरं एका चटईवर सोडली. वहिनीच्या मुलानं माझ्या मुलीचे केस ओढले, ती रडली, तिला पाहून चेल्लीची मुलगी रडली. चेल्ली स्वयंपाकघरातून तेलुगूत काहीतरी ओरडली, आणि तिघंही एकदम गप्प बसली.